उद्यमनगरातलं बिनपाटीचं गॅरेज: कारच्या धडकेनंतर स्प्लेंडर सरळ करून घेतली, त्याबद्दल

कोल्हापुरात कुणाच्या मोटरसायकलला कारचा धक्का लागला असेल, गाडी चालू होत असेल, पळतही असेल, पण सरळ पळत नसेल, तर पार्ट बदलायला होकार द्यायच्या आधी एकदा शिवाजी उद्यमनगरातल्या या मिस्त्रींना दाखवा. गॅरेजचं नाव लिहिता येत नाही, कारण पाटीच नाही. लेथ आणि वेल्डिंगवाल्यांच्या गल्लीत एक पत्र्याची शेड आहे, पुढं लिंबाचं झाड आहे. ‘स्प्लेंडरचे मिस्त्री’ म्हणून विचारलं की चहाच्या गाड्यावरचा माणूससुद्धा हात करून दाखवतो.

मी पॅथॉलॉजी लॅबसाठी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने गोळा करते. उपाशीपोटी करायच्या तपासण्या असतात, त्यामुळे पहाटे उठून पहिल्या घरी सहाच्या सुमाराला पोचावं लागतं. वयस्कर माणसं चहासुद्धा न घेता माझी वाट बघत बसलेली असतात. कसबा बावड्यातून सुरुवात, मग ताराबाई पार्क, शाहूपुरी आणि शेवटी राजारामपुरीत लॅबला. नमुना घेतला की दोन तासांच्या आत सीरम, म्हणजे रक्तातला वरचा स्वच्छ द्रव, वेगळं करावं लागतं, म्हणून रेंगाळून चालत नाही. आणि नुसतं वेळेत पोचूनही भागत नाही. गाडी फार थरथरली, हिसके बसले, तर नळीतल्या तांबड्या पेशी फुटतात. मग पोटॅशियम खोटंच जास्त दिसतं, आणि त्या आजोबांच्या दंडात पुन्हा सुई टोचायची वेळ येते. म्हणून गाडीचं पुढचं चाक नीट चालणं हा माझ्यासाठी हौसेचा विषय नाही. गाडी वडिलांची, स्प्लेंडर प्लस, सात वर्षांची, स्पोकच्या चाकांची. ९७.२ सीसीचं ते इंजिन आमच्या घरात सगळ्यांना आवाजावरून ओळखता येतं.

धडक मोठी नव्हती. सायबर चौकाच्या अलीकडं एका कारनं मला ओलांडलं आणि लगेच डावीकडच्या गल्लीत वळण घेतलं. इंडिकेटर लागला तो वळता वळता. ब्रेक लावला तरी माझं पुढचं चाक कारच्या मागच्या दाराला तिरकं घासून आपटलं आणि मी डाव्या कुशीवर गेले. गुडघा आणि कोपर सोलपटलं, हेल्मेटला चरा पडला. नमुन्यांचा डबा पाठीमागं पट्ट्यानं घट्ट बांधलेला होता, त्याला काही झालं नाही. कारवाले गृहस्थ थांबले, खाली उतरले, पाणी दिलं, गाडी उभी करायला हात लावला. दोन्ही गाड्यांचे फोटो, नंबरप्लेट, रस्त्यावरची जागा, सगळं तिथंच मोबाइलमध्ये घेतलं. ‘दुरुस्तीचं काय होईल ते सांगा, मी देतो’ म्हणाले. नंबर दिला आणि गेले.

गाडी वरवर पाहता ठीक होती. क्लचचा लिव्हर मोडलेला, डावा इंडिकेटर लोंबकळत होता, डावं फूटरेस्ट मागं वाकून गिअरच्या पॅडलजवळ आलेलं. लेगगार्डनं बराच मार खाल्लेला दिसत होता. पण चालवायला बसले आणि कळलं, गाडी सरळ न्यायची तर हँडल थोडं उजवीकडं धरावं लागतंय. ताशी चाळीसच्या वर गेलं की हँडलला बारीक कंप. ब्रेक लावला की पुढून ‘टक’ असा आवाज.

ओळखीच्या एकानं सुचवलं म्हणून आधी एका मोठ्या, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या घेणाऱ्या वर्कशॉपला गेले. काचेचं ऑफिस, एसी, कॉफी. सल्लागार मुलानं गाडीभोवती एक फेरी मारली, हँडल दोन्हीकडं फिरवून बघितलं आणि कॉम्प्युटरवर यादी केली: पुढची फोर्क असेंब्ली (चाक धरणारे दोन पाइप, सगळ्या जोडणीसकट) पूर्ण, पुढची रिम, हँडल, कोन सेट (हँडलच्या दांड्याच्या गोळ्या-वाट्या), फूटरेस्ट, इंडिकेटर, टाकीचं पेंटिंग. एकूण ९,८०० रुपये. फोर्क खरंच वाकलाय का, असं विचारलं तर उत्तर आलं, ‘ॲक्सिडेंटच्या गाडीला आम्ही असेंब्लीच बदलतो मॅडम, रिस्क नको.’ एक बोल्टसुद्धा न उघडता. वर ‘इन्शुरन्समध्ये टाकू की’ म्हणाला. इन्शुरन्समधून नेमकं किती मिळेल, हे मात्र त्याला सांगता आलं नाही. तो आकडा कारवाल्यांना कळवला तेव्हा पलीकडं शांतता. मग म्हणाले, ‘एवढं? मोटरसायकलला?’ त्यांचं म्हणणं मला चुकीचं वाटलं नाही. मला स्वतःलाच त्या यादीची खात्री नव्हती.

आमच्या लॅबचे सेंट्रिफ्यूज, म्हणजे नळ्या गरगर फिरवून सीरम वेगळं करणारी यंत्रं, दुरुस्त करणारे एक काका आहेत, त्यांचं वर्कशॉप उद्यमनगरात. त्यांनी या मिस्त्रींकडं धाडलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, उद्यमनगर हे काही गॅरेजचं मार्केट नव्हे. शेतीच्या पंपांना लागणाऱ्या ऑइल इंजिनांच्या पार्टांवर ही वसाहत मोठी झाली. आज फौंड्रीतलं कास्टिंग, मशीनिंग, गिअर, पाइप, काय म्हणाल ते तिथं होतं. त्यामुळं तिथल्या गॅरेजवाल्याला एखादी गोष्ट मोजून बघायची असली तर शेजारच्या शेडमध्ये डायल गेज, म्हणजे बारीक वाकडेपणा काट्यावर दाखवणारं मापयंत्र, असतो, पलीकडं हायड्रॉलिक प्रेस असतो. ही सोय शहरातल्या चकचकीत वर्कशॉपलाही नसते.

मिस्त्री साठीचे असतील. अंगावर निळा शर्ट, कानावर पेन्सिल. मी काही सांगायला लागायच्या आधीच म्हणाले, ‘ताई, थांबा. तुमी कशी पडलासा ते सांगू नका आत्ता. गाडी काय करती ते सांगा.’

मी सांगितलं: उजवीकडं धरावं लागतं, चाळीसच्या वर थरथर, ब्रेकला टक.

‘बरं. उघडून बघू, मोजू, मग बोलू. आत्ता कुठलाबी आकडा सांगत न्हाई मी.’

डॉक्टर आधी तपासण्या लिहून देतात, रिपोर्ट आल्यावर औषध ठरवतात, तसं वाटलं. मी ज्या कामात आहे त्यात याची किंमत कळते, त्यामुळं त्या एका वाक्यावर माझा माणसावर विश्वास बसला. पुढं जे बघितलं ते सविस्तर लिहिते, कारण दुसऱ्या कुठल्याही गॅरेजात उभं राहून तुम्हाला हेच विचारता येईल.

आधी गाडी मेन स्टँडवर घेऊन इंजिनखाली ठोकळा दिला, पुढचं चाक अधांतरी. बोटानं हँडल हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकाला नेलं आणि मला म्हणाले, ‘तुमी फिरवा.’ हँडल बरोबर मध्ये आलं की किंचित अडकायचं, खाचेत बसल्यासारखं. ते कोन सेटचं काम. हँडलच्या दांड्याच्या वर आणि खाली छोट्या गोळ्यांच्या रांगा असतात. जोराचा धक्का बसला की त्या गोळ्या आपल्या वाटीत खड्डे पाडतात, आणि सरळ चालताना गोळ्या त्याच खड्ड्यांत बसून राहतात. गाडी मग आपली आपण सावरत नाही, प्रत्येक वेळी हातानं सावरावी लागते. मग चाक खाली टेकवून, पुढचा ब्रेक दाबून त्यांनी गाडी पुढंमागं ढकलली. ‘टक.’ दुसऱ्या हाताचं बोट वरच्या कोनाजवळ लावलेलं होतं. ‘टक हितनं येतोय, शॉकअपमधनं न्हाई. हे बदलायचं नक्की.’ पहिला निकाल लागला आणि तो यादीतल्या मोठ्या आकड्याचा नव्हता.

मग चाक. हवेत फिरवून रिमच्या कडेशी खडूचा तुकडा स्थिर धरला. खडू रिमला एकाच जागी टेकत होता, तेवढ्याच भागावर पांढरी रेघ उठली, म्हणजे रिम तिथं एका बाजूला गेलेली. ‘आऊट हाय, पण रिम फुटलेली न्हाई, खाच न्हाई. स्पोक ताणून निघंल.’ वर्कशॉपच्या यादीत नवी रिम होती, हे मी सांगितलं. त्यांनी काही उत्तर दिलं नाही. त्या संबंध वेळात दुसऱ्या कुणाच्या कामाला त्यांनी नाव ठेवलं नाही, हे मला फार आवडलं.

पुढं टाकी उतरवली. गळ्याजवळ, जिथं हँडलची नळी चेसिसला वेल्ड केलेली असते आणि चेसिस नंबर ठोकलेला असतो, तिथली धूळ-तेल घासलेटच्या फडक्यानं पुसून काढलं आणि हातातल्या बॅटरीच्या उजेडात सगळीकडून बघितलं. ते काय शोधत होते, तेही सांगितलं: रंगाला बारीक तडे, पापुद्रा, किंवा पत्र्याला सुरकुती. चेसिस वाकली तर आधी रंग बोलतो, कारण रंग लवचिक नसतो. तिथं काही नव्हतं. हे तपासणं सगळ्यात महत्त्वाचं, असं त्यांचं मत, आणि मलाही ते पटलं. बाकी सगळं बदलता येतं. चेसिस गेली असेल तर वरचं काम पाण्यात.

आता फोर्क. इथं मी सगळ्यात जास्त वेळ उभी राहिले.

पुढच्या चाकाला धरणारे दोन पाइप वर दोन आडव्या तुकड्यांत, एक वरचा आणि एक खालचा, आवळलेले असतात, त्यांना ते टी म्हणतात. बाजूनं धक्का बसला की पाइप वाकायच्या आधी त्या पकडीत मुरगळतात. म्हणजे पाइप सरळ असतो, टी सरळ असते, पण दोघांचं जुळत नाही. हँडल समोर बघतं आणि चाक दुसरीकडं. अशा गाडीला एकही पार्ट लागत नाही. टीचे बोल्ट आणि चाकाचा ॲक्सल सैल करायचा, फोर्क दोन-चार वेळा दाबून सोडायचा, सगळं आपल्या जागी येतं, मग क्रमानं आवळायचं. मिस्त्रींनी आधी तेच केलं. बोल्ट सैल केल्यावर चाक आपसूक बरंच सरळ झालं. माझ्या डोळ्याला तर पूर्ण सरळ दिसलं. त्यांना मात्र समाधान नव्हतं. ‘थोडं राहिलंय. डावा पाइप बघायला लागंल.’

दोन्ही पाइप काढले, तेल एका भांड्यात सोडलं. काळपट, पाण्यासारखं पातळ. पाइप पुसून जाड काचेच्या तुकड्यावर ठेवून तळहातानं लोळवले. उजवा पाइप काचेला चिकटून लोळला. डावा लोळताना मध्येच काचेपासून उचलायचा, खालून केसाएवढी फट दिसायची आणि पुन्हा बंद व्हायची. माझ्या डोळ्यांनी बघितलं. तरीही ते तेवढ्यावर थांबले नाहीत. दोन्ही पाइप घेऊन शेजारच्या लेथवाल्याकडं गेलो. व्हीच्या आकाराच्या दोन ठोकळ्यांवर पाइप ठेवून वर डायल गेज लावला. उजव्याला काटा जागचा हलला नाही म्हटलं तरी चालेल. डाव्याला काटा एकीकडं जाऊन परत यायचा, आणि सगळ्यात जास्त हलायचा तो बरोबर खालच्या टीच्या जरा खाली. पाइप पकडीतून बाहेर पडतो तीच जागा, धक्क्याचा सगळा जोर तिथंच येतो.

‘प्रेसमध्ये सरळ होईल की,’ लेथवाला म्हणाला. मिस्त्रींनी पाइप उजेडात धरला, नखानं वाकलेल्या जागेवर खरवडलं आणि माझ्या हातात दिला. ‘बोट फिरवा.’ क्रोमवर केसासारखी एक भेग होती, नखाला लागत होती. ती भेग वरखाली होताना ऑइल सील, म्हणजे पाइपातलं तेल अडवणारं रबरी कडं, कापणार, महिन्या-दोन महिन्यांत तेल गळायला लागणार, आणि ते ब्रेकच्या ड्रमकडं उतरणार. भेग नसती तर गार अवस्थेत प्रेसवर सरळ करून दिला असता, म्हणाले. गॅसनं तापवून सरळ करणारे असतात त्यांच्याकडून कधी करून घेऊ नका, असंही सांगितलं, कारण तापवला की पाइपाचा कस जातो आणि पुढच्या खड्ड्यात तो पुन्हा तिथंच वाकतो.

म्हणजे डावा पाइप नवा, उजवा जुनाच. ‘जोडीनं बदला असं कुणीबी सांगंल. पन उजव्याला कायबी झालं न्हाई, तुमी बघितलासा.’ बघितलं होतंच.

इथं इन्शुरन्सचं एक सांगायला हवं, कारण याबाबतीत त्या गॅरेजात मला मिळालेली माहिती कुठल्याच ऑफिसात एवढी सरळ मिळाली नाही. मिस्त्रींच्या सूनबाई हिशोब बघतात. कोपऱ्यात टेबल, वही, शिक्का. मिस्त्री बोल्ट सैल करायला घेणार तेवढ्यात सूनबाईंनी थांबवलं होतं: ‘क्लेम करणार असाल तर आत्ताच ठरवा. कंपनीला कळवून त्यांचा माणूस किंवा फोटो होईपर्यंत गाडी उघडायची नाही. उघडल्यावर कळवलंत तर वाद घालत बसतील.’ मग कागदावर मांडून दाखवलं. माझी गाडी पाच वर्षांच्या पुढची आणि दहाच्या आतली, म्हणून लोखंडी पार्टांच्या किमतीतून ४० टक्के घसारा (जुनेपणाची वजावट) जाणार. रबर आणि प्लास्टिकला गाडी नवी असली तरी ५० टक्के. मजुरीवर घसारा नाही. फोर्कचं तेल साध्या पॉलिसीत धरतच नाहीत. वरून दुचाकीला सक्तीचे १०० रुपये आपण सोसायचे. आणि क्लेम घेतला की नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल प्रीमियममध्ये मिळणारी सूट) शून्यावर येतो, तो २० टक्क्यांपासून पुन्हा चढत चढत ५० वर न्यायला पाच वर्षं लागतात. ‘बोनस फक्त आपल्या गाडीच्या नुकसानीच्या प्रीमियमवर असतो, थर्ड पार्टीवर, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीच्या भागावर, नाही. त्यामुळं जुन्या गाडीला तो तोटा फार मोठा नसतो, हेही लक्षात घ्या,’ हे त्यांनी आपणहून सांगितलं. म्हणजे घाबरवून क्लेम टाळायला लावलं असंही नाही. कारवाल्यांच्या थर्ड पार्टी इन्शुरन्समधून घ्यायचं तर मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात जावं लागतं. दोन-तीन हजारांसाठी ते कुणी करत नाही. समोरचा माणूस द्यायला तयार असेल तर खरं बिल करून घेणं सगळ्यात बरं, असं त्या म्हणाल्या. मी तेच ठरवलं.

पार्ट आणायला मिस्त्रींनी मलाच पाठवलं. चिठ्ठीवर पार्ट लिहून दिले, कुठल्या दुकानात जायचं हे सांगितलं नाही. ‘कुठंबी घ्या, फक्त ओरिजनल बघून घ्या, पाकिटावरचा होलोग्राम आणि किंमत बघा.’ कमिशनची भानगड नाही. आलेला नवा पाइपही त्यांनी काचेवर लोळवून बघितला आणि मगच बसवला. हँडलबाबत मात्र ठाम होते. जुनं हँडल फार थोडं वाकलं होतं. घरी वडील म्हणाले होते की ते सरळ करून घे, नवं कशाला. मिस्त्री म्हणाले, पोकळ नळी एकदा वाकून परत सरळ केली की ती जागा कच्ची राहते, आणि अचानक ब्रेक मारल्यावर माणूस सगळा भार हँडलवरच टाकतो. फूटरेस्टची भरीव सळी मात्र प्रेसमध्ये सरळ करून दिली, ती नवी घेऊ दिली नाही. कुठं पैसे वाचवायचे आणि कुठं नाही, याची त्यांच्याजवळ कारणं आहेत, आणि ती विचारली की मिळतात.

फोर्कमध्ये तेल भरताना त्यांनी कपाटातून एक काचेचं मोजपात्र काढलं. लॅबमध्ये असतं तसंच, आकडे थोडे पुसट झालेलं. दोन्ही पाइपांत सारखं तेल गेलं पाहिजे. एका बाजूला कमी आणि दुसऱ्या बाजूला जास्त झालं तर चाक खड्ड्यात तिरकं वागतं. डोळ्यांच्या पातळीला मोजपात्र धरून, तेलाच्या वक्र कडेचा तळ बघून त्यांनी माप घेतलं. आम्हाला कॉलेजात पहिल्या महिन्यात हेच शिकवतात आणि निम्म्या मुलांना ते शेवटपर्यंत जमत नाही. मी त्यांना ते बोलून दाखवलं. ‘तेल म्हागाचं हाय, सांडून कसं चालंल,’ एवढंच म्हणाले.

स्पोक त्यांचा पुतण्या ताणतो. खडूची खूण ज्या बाजूला, तिकडचे स्पोक किंचित सैल आणि समोरचे किंचित घट्ट, एका वेळी पाव आटा. घाई केली की रिम दुसरीकडं जाते. मुलगा वीस-बावीसचा असेल, कानात इअरफोन नाही, तोंडात मावा नाही, मान खाली घालून फक्त चाक. काम झाल्यावर त्यानं प्रत्येक स्पोकवर पान्याची टिचकी मारत आवाज ऐकला. सैल स्पोकचा आवाज बसका येतो.

सगळं जोडल्यावर दोरीची तपासणी. मागच्या टायरला दोरी लावून दोन्ही बाजूंनी पुढं आणली. स्प्लेंडरची पुढची आणि मागची टायर रुंदीला सारखी असते, त्यामुळं गाडी सरळ असेल तर दोरी मागच्या टायरच्या दोन कडांना आणि पुढच्या टायरच्या दोन कडांना, अशी चारही जागी टेकली पाहिजे. डावीकडं टेकली. उजवीकडं पुढच्या टायरच्या मागच्या कडेशी हलकी फट राहिली. मी म्हटलं असतं, चालेल. त्यांनी पुन्हा टीचे बोल्ट सैल केले, चाक गुडघ्यांत धरलं, हँडल बारीकसं फिरवलं आणि पुन्हा आवळलं. मग दोरी दोन्हीकडं टेकली. शेवटी संध्याकाळी समोरच्या भिंतीवर हेडलाइटचा झोत पाडून त्याची उंची ठीक केली, कारण फोर्क खालीवर झाला की झोतही हलतो. पहाटे अंधारात जाणाऱ्या माणसाला ते किती उपयोगी आहे, हे वेगळं सांगायला नको.

त्यांनी आधी स्वतः वाय. पी. पोवार नगरकडं एक चक्कर मारली. मग मला किल्ली दिली. ‘हँडल आवळून धरू नका. हलकं धरा, गाडी कुणीकडं जाती बघा.’ गेली ती सरळ. चाळीस, पन्नास. कंप नाही, ब्रेकला टक नाही.

बिल २,९५५ रुपये. डावा फोर्क पाइप ७८०, हँडल ४३०, कोन सेट ३४०, तेल १८०, दोन्ही ऑइल सील १५०, इंडिकेटर १४०, क्लच लिव्हर ८५, चाकाचं आऊट काढणं १५०, आणि मजुरी ७००, लेथवाल्याचं मोजणं आणि फूटरेस्ट सरळ करणं त्यातच. जुने काढलेले सगळे पार्ट पिशवीत घालून परत दिले. सूनबाईंनी हातानं लिहिलेलं, शिक्क्याचं बिल, दुकानाच्या पावत्या जोडून. त्याचा आणि वाकलेल्या पाइपाचा फोटो कारवाल्यांना पाठवला. अर्ध्या तासात पूर्ण रक्कम आली, सोबत ‘पाय कसा आहे?’ असा निरोप. ९,८०० च्या आकड्यावर आमच्यात जो ताण आला होता तो बिल बघून उरलाच नाही. माझ्या मते या गॅरेजचा हा मोठाच गुण आहे. मिस्त्रींनी मोजून काढलेल्या बिलावर कुणाला बोट ठेवता येत नाही, आणि दोन अनोळखी माणसांमधलं भांडण तिथंच मिटतं.

आता ज्या गोष्टी खटकल्या त्या. वेळेचा शब्द मिळत नाही. ‘उद्या संध्याकाळी बघू’ म्हणजे उद्या संध्याकाळी खरंच बघायचं, गाडी मिळेलच असं नाही. मला एक दिवस मैत्रिणीची स्कूटी मागून फिरावं लागलं. फोन उचलत नाहीत, जाऊनच विचारावं लागतं. बसायला एक बाकडं आहे, तेही पार्टांनी भरलेलं. बाईमाणसासाठी तिथं स्वच्छतागृह नाही, आणि थांबून काम बघायचं तर ही अडचण खरी आहे. सूनबाईंना विचारलं तर त्या मागच्या घरात नेतात, पण त्या दुपारी नसतात. हे त्यांनी सुधारायला हवं, मी त्यांना तसं सांगितलंय.

टाकीचा डेंट मी तसाच ठेवला. रंगाचं काम ते करत नाहीत, बाहेर देतात, आणि त्यांनी दिलेल्या पेंटरचं एका गाडीवरचं काम मी बघितलं, छटा जुळली नव्हती. डेंट काढायचा तर दुसरीकडं जा. नव्या, इलेक्ट्रॉनिक फ्युएल इंजेक्शनच्या गाडीचा वायरिंगचा किंवा सेन्सरचा प्रश्न असेल तरी ते घेत नाहीत, तोंडावर ‘जमत न्हाई’ म्हणतात. गाडी वॉरंटीत असेल तर अर्थातच कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला न्यावी. फोर्क, हँडल, चाक, चेसिस, म्हणजे धडकेनंतर जे सगळं वाकतं, त्याच्यासाठी हा माणूस.

जाणार असाल तर सकाळी साडेनऊच्या आसपास जा, तेव्हा शेडमध्ये गर्दी नसते आणि मिस्त्री स्वतः गाडी बघतात. अपघाताचे फोटो, आरसी आणि पॉलिसीचा कागद सोबत न्या, कारण सूनबाई पहिल्यांदा तेच विचारतात. आणि गाडी काय करते एवढं नीट बघून जा: किती वेगाला थरथरते, कुठल्या बाजूला ओढते, ब्रेक लावला की काय होतं. ते विचारणारच आहेत.